पाणी शुद्ध राखण्याचे दायित्व कोणाकडे?

नागरिकशास्त्राच्या पाठात ग्रामपंचायतीची कामे सांगताना ‘पाणीपुरवठा’ हा शब्द येतो आणि विद्यार्थी तो पाठ करून मोकळे होतात. वस्तुतः पाणी पुरविणे व ते शुद्ध राखणे ही कामे निराळी आहेत. त्यांपैकी दुसऱ्याचे दायित्व अनेक कार्यालयांत वाटलेले आहे, ही गोष्ट क्वचितच उलगडून सांगितली जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगेचे उदाहरण घेतल्यास विषय लवकर ध्यानी येतो. प्रयाग चिखलीच्या संगमापासून ती पंचगंगा म्हणून वाहू लागते. पुढे कोल्हापूरचे सांडपाणी व त्याखाली इचलकरंजीच्या कापड-प्रक्रिया उद्योगांचे पाणी तिच्यात मिसळत आले आहे. नृसिंहवाडीस ती कृष्णेला मिळते. शिरोळ तालुक्यातील एखाद्या गावाने आपल्या टाकीत कितीही औषध घातले, तरी वरच्या शहराचा नाला त्या ग्रामपंचायतीला अडविता येत नाही. म्हणून साऱ्या खोऱ्याकडे पाहणारी मोठी यंत्रणा लागते.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला व त्यान्वये १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले. संसदेचा कायदा १९७४ चा. पाणी हा राज्यसूचीतील विषय असल्याने राज्यांच्या ठरावावाचून तो लागू होत नसे. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ सांडपाणी सोडण्यास संमती देते व नद्यांचे नमुने तपासते. शहराचे सांडपाणी शुद्ध करणे हे मात्र त्या शहराच्या नगरपालिकेचे वा महानगरपालिकेचेच काम. सोडणारा आणि तपासणारा एकच असू नये, हे तत्त्व येथे महत्त्वाचे. इंग्लंडमध्ये १९७३ च्या कायद्याने स्थापिलेल्या प्रादेशिक जल-प्राधिकरणांकडे दोन्ही कामे सोपविली होती. १९८९ साली ती वेगळी करावी लागली.

गावातही दायित्व असेच विभागलेले आहे. पाण्यात टीसीएल पावडर घालणे ग्रामपंचायतीकडे, म्हणजे प्रत्यक्षात जलसुरक्षकाकडे असते. आरोग्य खात्याचे कर्मचारी स्वच्छता सर्वेक्षण करतात व त्यावरून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. (हे कार्ड शाळेत फारसे कोणी पाहिलेले नसते!) रासायनिक तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत होते.

येथे शिक्षकांनी थोडे थांबावे. हिरवे कार्ड हे मुख्यतः उद्भवाचा परिसर, गळती व शुद्धीकरणाची व्यवस्था पाहून दिले जाते. पाण्यात नायट्रेट किती, हे त्यावरून कळत नाही. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. शेतातील खत व शौचखड्डे यांतून नायट्रेट विहिरीत झिरपते. पाण्याला रंग वा वास येत नाही. टीसीएलने किंवा उकळण्याने ते जात नाही. आणि वरचे दूध पाजल्या जाणाऱ्या तान्ह्या मुलांना ते अपायकारक ठरते. म्हणजे जलसुरक्षकाने आपले काम चोख केले, तरी दुसऱ्या कार्यालयाचा अहवाल पाहिल्यावाचून गावाला खात्री बाळगता येत नाही.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शाळेच्या नळाचा शोध घेण्यास सांगावे. पाणी कोणत्या विहिरीचे, पावडर कोण व केव्हा घालते, रासायनिक तपासणी शेवटी कधी झाली व तिचा अहवाल कोठे आहे, हे त्यांनी ग्रामपंचायत कार्यालयात विचारून वहीत उतरवावे. अहवाल न मिळाल्यास मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करावी, तिची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावी आणि पोच शाळेच्या दप्तरी ठेवावी.