लेबलही वाचूया

मित्रांनो, वर्गात आपण एकेका शब्दावर तासभर बोलतो, पण तणनाशकाचं लेबल कोण वाचतं? बेळगावजवळच्या आमच्या कुरणातलं गाजरगवत मारायला पप्पांनी ग्लायफोसेट आणलं. लेबल वाचून मीच त्यांना थांबवलं, कारण ते चाऱ्याचं गवतही मारतं. टू-फोर-डी रुंद पानांचं तण मारतं, गवत सहसा वाचतं. फवारणी फुलोऱ्याआधी करावी. वारा नसताना, हातमोजे-मास्क घालून, ओढ्यापासून दूर.

खरी चूक नंतर होते. फवारल्यावर कोमेजलेलं विषारी तण जनावरांना गोड लागू शकतं. म्हणून लेबलवरची मुदत संपून तण पूर्ण वाळेपर्यंत त्यांना कुरणात सोडू नये. आमची म्हैस दावणीला रेकत राहिली, पण सुखरूप आहे.