शिंपल्याचे तावदान

गतवर्षी शाळेची सहल गोव्यास गेली असता परतीच्या दिवशी आम्ही मुलांस आमच्या मूळ घरी फराळास नेले. घर जुने, कौलारू. भिंती तांबड्या चिऱ्याच्या. मुले ओटीवर बसून पोह्यांचा समाचार घेत असता आठवीतील एक विद्यार्थी खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, ही काच किती मळली आहे! पुसून देऊ का?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याने खिशातील रुमाल काढून एक चौकोन चांगला घासला. काच काही उजळेना. रुमालास मात्र धूळ लागली, म्हणजे जो मळ होता तो गेला होता. तरी चौकोन दुधाळच राहिला. तेव्हा आम्ही त्यास सांगितले की, अरे, ही काच नव्हेच. हे एका प्राण्याचे घर आहे.

सगळी मुले खिडकीभोवती जमली. प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पण बसवाल्याने भोंगा वाजविल्यामुळे निम्मी उत्तरे ओटीवरच राहिली. ते देणे या लेखाने फेडावे असा आमचा विचार आहे.

समुद्रातील शिंपल्यांचे प्रकार किनाऱ्यावरील मुलांस सांगावे लागत नाहीत. तिसऱ्या, खुबे, शिनाण्या ही नावे आमच्या कोंकणी घरांतून अक्षरओळखीपूर्वीच शिकली जातात, आणि ती ताटातून शिकली जातात. आपले कालव मात्र यांहून वेगळे आहे. त्यास इंग्रजीत खिडकीच्या तावदानाचेच नाव दिलेले आहे. म्हणून आपणही त्यास तावदानी कालव म्हणू. पूर्ण वाढलेले कालव हाताच्या पंजाएवढे, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर रुंद होते. आकार गोल, आणि चपटेपणा इतका की दोन शिंपा मिटल्या म्हणजे मधे प्राणी राहतो तरी कोठे असा प्रश्न पडावा. एक शीप जवळजवळ सपाट असते, दुसरीस किंचित फुगवटा असतो. बिजागरीपाशी आतल्या बाजूस उलट्या इंग्रजी 'व्ही'सारखे दोन उंचवटे दिसतात. ही याची खूणच आहे.

हे कालव इतर कालवांप्रमाणे खडकास चिकटून बसत नाही. उथळ उपसागरांच्या व खाड्यांच्या तळाशी जो मऊ चिखल असतो, त्यावर ते आडवे पडून राहते आणि पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म अन्नकण गाळून खाते. चिखलावर राहावयाचे तर जड असून कसे चालेल? जड वस्तू रुतते. पोह्याच्या पापडासारखी पातळ, रुंद वस्तू वर राहते. पातळपणा ही त्याच्या जगण्याची सोय आहे. मनुष्याने तिचे तावदान केले, ही मागाहूनची गोष्ट. गोव्यात जुवारी नदीच्या मुखाजवळ उत्तरेस नावशी आणि दक्षिणेस चिखली येथील उपसागरांत हे कालव आढळते. चिखली या गावाच्या नावातच चिखल ऐकू यावा, ही मौज आम्हांस दर वेळी वाटते.

स्वीडनचा थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली या प्राण्याचे नामकरण केले, तेव्हा त्यास 'प्लासेंटा' हा लॅटिन शब्द जोडला. आज त्याचे शास्त्रीय नाव प्लॅकुना प्लासेंटा असे आहे. प्राचीन रोमन लोकांच्या स्वयंपाकघरात 'प्लासेंटा' म्हणजे एक चपटे, पापुद्र्यांचे गोड पक्वान्न. लिनियसला शिंपला पाहून पक्वान्न आठवले. महाराष्ट्रात जन्मता तर बहुधा पुरणपोळी आठवली असती.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. शिंपल्यातून उजेड आरपार येतो कसा? तिसऱ्यांच्या शिंपेतून येत नाही, खुब्याच्या येत नाही. हे कवच ज्या द्रव्याचे आहे ते काही अपूर्व नव्हे. चुनखडी व संगमरवर ज्या कॅल्साइटचे बनतात, त्याच कॅल्साइटचे हे शंभरात सुमारे ९९ भाग बनलेले असते; उरलेला एक भाग सेंद्रिय. संगमरवराची फरशी कोणी खिडकीस लावीत नाही. मग फरक कशात आहे? रचनेत आहे.

यासाठी एक सोपा प्रयोग करा. कोरड्या कागदावर खोबरेल तेलाचे बोट उमटवा आणि कागद दिव्यासमोर धरा. बोटाचा ठसा उजळ दिसेल. कागदाच्या तंतूंमधील बारीक पोकळ्यांत हवा असते. प्रकाश तंतूवरून हवेत, हवेतून तंतूत असा शिरता शिरता दिशाहीन होऊन विखुरतो, म्हणून कागद पांढरा व अपारदर्शक दिसतो. तेलाने पोकळ्या भरल्या की हे विखुरणे कमी होते. आपल्या कालवाच्या कवचात कॅल्साइटच्या अतिसूक्ष्म, लांबट पट्ट्या एकाच दिशेने, थरावर थर, अशा दाटीने रचलेल्या असतात की मधे पोकळी जवळजवळ उरत नाही. प्रकाशास विखुरण्यास जागाच थोडी मिळते. दृश्य प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग या कवचातून पार जातो, असे मोजण्यात आले आहे.

याहून नवल पुढेच आहे. कॅल्साइट हा ठिसूळ खनिज आहे. त्यावर टोकदार घाव घातला तर त्याचे तुकडे होतात. हे कवच मात्र सहजी फुटत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील लिंग ली व क्रिस्टीन ऑर्टिझ या संशोधकांनी हिऱ्याच्या टोकाने या कवचावर दाब देऊन पाहिले आणि २०१४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आघात होताच त्या जागेभोवतालच्या स्फटिकांत अणूंची मांडणी जणू आरशात पाहिल्यासारखी उलटते, आणि या उलथापालथीत आघाताची शक्ती खर्ची पडते. इजा एका लहानशा टिंबापुरती राहते, तडा दूरवर धावत नाही. शुद्ध कॅल्साइटच्या सुमारे दहापट शक्ती हे कवच अशा रीतीने जिरविते. पारदर्शक आणि तरीही बळकट असे चिलखत घडविता येईल काय, या शोधात ते संशोधक या कालवापाशी पोहोचले होते. आमच्या घरातील जनेलावर लहानपणी आम्ही किती चेंडू मारले याचा हिशेब नाही. ती का फुटली नाहीत, याचे उत्तर आम्हांस फार उशिरा मिळाले.

जनेल हा शब्द पोर्तुगीज भाषेतून कोंकणीत आला. त्याचा अर्थ खिडकी. काचेची तावदाने महाग व दुर्मिळ होती त्या काळी गोव्यातील घरांना, चर्चना आणि वाड्यांना शिंपल्याची जनेले बसविली जात. पोर्तुगीज लोक या शिंपल्यांस 'कारेपा' म्हणजे खवला असे म्हणत. मेस्त, म्हणजे आमच्याकडील सुतार, शिंपल्याच्या गोल कडा कापून त्याचा चौकोन करी. एका शिंपल्याचा एकच चौकोन, तोही दोन-तीन इंचांचा. म्हणून ही खिडकी मोठ्या तावदानांची होऊच शकत नाही. लाकडाच्या सडपातळ पट्ट्यांना खाचा पाडून, त्या खाचांत चौकोन एकामागून एक सरकवीत जावे लागे. एका झडपेत असे कितीतरी चौकोन. खिळा नाही, लुकण नाही. प्रत्येक चौकोनाची छटा वेगळी: एक दुधी, एक किंचित पिवळसर, एकावर वाढीच्या रेषा मंडलाकार उमटलेल्या. कारागिराने मुद्दाम नक्षी काढावी म्हटले तर इतकी साधणार नाही.

आणि आत येणारा उजेड! वैशाखातील ऊन बाहेर डोळे दिपवीत असते; खोलीत मात्र तेच चांदण्यासारखे होऊन येते. झडप मिटली तरी दिवा लावावा लागत नाही, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यास आतले काही दिसत नाही. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की खिडक्या दिवसचे दिवस बंद ठेवाव्या लागणाऱ्या मुलखात ही केवढी सोय होती, हे तेथे राहिल्याशिवाय कळत नाही.

ही युक्ती केवळ गोव्याची नव्हे. चीनमध्ये याच शिंपल्यांच्या खिडक्यांना 'मिंगवा' म्हणतात. शब्दशः अर्थ उजळ कौल. फिलिपाइन्स बेटांत स्पॅनिश अमदानीतील जुन्या घरांना शिंपल्यांच्या सरकत्या खिडक्या असत. तेथे या शिंपल्याचे नाव 'कापिस' आणि त्याच नावाचा एक प्रांतही आहे. आता तेथे खिडक्यांपेक्षा शोभेच्या वस्तूच अधिक होतात: दिव्यांच्या हंड्या, वाऱ्याने किणकिणणारी झुंबरे, तबके, आणि नाताळात घरोघरी टांगावयाचे 'पारोल' नावाचे ताराकृती कंदील. आपला दिवाळीचा आकाशकंदील आणि तो पारोल शेजारी टांगले, तर ते एकमेकांस भाऊ म्हणतील. मोठ्या शहरांतील दुकानांत असे शिंपल्याचे दिवे आपल्याकडेही विकावयास असतात. घेणाऱ्यास बहुधा ते प्लॅस्टिकचे वाटतात.

या कालवात मोतीही सापडतात. ते बारीक, दागिन्यांस बहुधा निरुपयोगी; पण औषधी भस्मासाठी त्यांस मागणी असे. कच्छच्या आखातात ओखामंडळाच्या किनाऱ्यावर हे कालव आहे, आणि ओखामंडळ हा त्या काळी बडोदे संस्थानाचा मुलूख होता. बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून तेथील सागरी जीवांची पाहणी करविली. तिच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला. मराठी राजाने गुजरातच्या समुद्रातील शिंपल्यांची चौकशी करवावी, हे बडोद्याच्या वाचकांस ठाऊक असेल. आमच्या विद्यार्थ्यांस नवे वाटेल.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आमच्या घरी पूर्वी अशी सात जनेले होती. मुलांनी पाहिले ते शेवटचे. बारा वर्षांपूर्वी घराची डागडुजी काढली, तेव्हा खोल्या अंधाऱ्या आहेत असे म्हणून आम्हीच मेस्तास जुनी जनेले उतरवून काचा बसविण्यास सांगितले. आई म्हणाली, "रावूं दी रे तीं जनेलां, दोळ्यांक थंडसाण मेळटा." आम्ही शिकलेले, आम्ही ऐकले नाही. काचा आल्या, उजेड आला, आणि त्या उजेडाचा ताप सोसेना म्हणून पंधरा दिवसांत पडदेही आले. काचा संपल्या म्हणून ओटीवरचे एक जनेल तेवढे वाचले. उतरविलेली सहा परसात पावसात पडून होती. लाकूड कुजले, पुढे सगळे कोणी नेले याचा पत्ता नाही.

आज पुन्हा ती करून घेऊ म्हटले तर? खाचा पाडणारे हात थोडे उरले आहेत हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, २००१ साली हे कालव आपल्या देशाच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आले, आणि ते योग्यच झाले. वर्षानुवर्षे चुना भाजण्यासाठी व शोभेच्या वस्तूंसाठी त्याचे थर उपसले गेले होते. जो प्राणी चिखलावर निवांत पडून राहतो, त्याच्या पाण्यात गाळ ढवळला किंवा तळ खरवडला, तर त्याने पळावे कोठे? आमच्या सहा जनेलांसाठी चिखलीच्या उपसागरातील एकही जिवंत कालव निघू नये, असे आमचे मत आहे. जुनी घरे पाडली जातात तेथील शिंपले जपून काढून ठेवावेत. एवढ्यावरच डागडुजी भागवावी.

सहलीच्या त्या दिवशी निघताना आईने एका पुड्यात बांधून आम्हांस दोन फुटके चौकोन दिले. तिने ते परसातून उचलून जपून ठेवले होते, हे आम्हांस तोवर माहीत नव्हते. त्यांतील एकाच्या कोपऱ्याचा चिमूटभर चुरा घेऊन आम्ही नववीच्या वर्गात प्रयोग केला. परीक्षानळीत त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकताच बुडबुडे आले, आणि तो वायू चुन्याच्या निवळीत सोडताच निवळी दुधाळ झाली. निवळीचा चुना बाजारातला होता. तोही एखाद्या शिंपल्याचाच असेल, नसेल असे नाही.

दुसरा चौकोन शास्त्राच्या प्रयोगशाळेतील कपाटात, तिसऱ्या फळीवर, कापसात ठेवला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे, कडांनी धरून खिडकीसमोर न्यावा, आणि परत कापसात ठेवावा. रुमालाने पुसू नये.