बाबांची छावणी

मे महिन्यात विदर्भातील ऊन फार कडक असते. विहिरींचे पाणी तळाला जाते. दुपारी सावली सोडून बाहेर पडण्यास कोणी धजत नाही. अशा दिवसांत चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे गावोगावची तरुण मुले-मुली जमू लागली. पहाटे उठावे, कुदळ, फावडे आणि घमेले घ्यावे व माती खणण्यास जावे, असा त्यांचा क्रम असे. मजुरी म्हणून त्यांना एक पैसाही मिळत नसे. मिळत ते हाताला आलेले फोड! तरीही त्यांतील कितीतरी जण पुढच्या वर्षी पुन्हा आनंदाने येत. या श्रमसंस्कार छावणीची परंपरा 1967 च्या सुमारास सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या पुरुषाचे नाव मुरलीधर देवीदास आमटे. आईवडिलांनी लाडाने ठेवलेले ‘बाबा’ हेच नाव पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले.

बाबांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. बालपणी त्यांना कशाची वाण पडली नाही. शिकारीचा आणि मोटारीचा त्यांना शौक होता. कायद्याचे शिक्षण घेऊन ते वरोडा येथे वकिली करू लागले. परंतु त्या पैशात त्यांचे मन रमेना. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी मैल्याच्या टोपल्या स्वतःच्या डोक्यावरून वाहिल्या. एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते एकटे सामोरे गेले, तेव्हा महात्मा गांधींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटले.

एकदा नागपूरच्या एका लग्नघरी बाबांनी एक दृश्य पाहिले. घरात धामधूम चालली होती. पण इंदू घुले नावाची एक तरुणी ती सोडून, कपडे धूत बसलेल्या वृद्ध मोलकरणीच्या मदतीला गेली होती. आपल्या संसाराला साथ देणारी हीच, असे बाबांना वाटले. 1946 मध्ये त्यांचा विवाह झाला. इंदूताई पुढे ‘साधनाताई’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

यानंतर बाबांच्या आयुष्यात एक कसोटीचा प्रसंग आला. पाऊस पडत होता. रस्त्याच्या कडेला त्यांना कसलेसे गाठोडे पडलेले दिसले. जवळ जाऊन पाहतात तो काय! ते गाठोडे नव्हते, जिवंत माणूस होता. त्याच्या हातांची बोटे झडली होती आणि जखमांत किडे पडले होते. तुळशीराम नावाचा तो कुष्ठरोगी अखेरच्या घटका मोजत होता. त्याला पाहताच बाबांना धडकी भरली आणि ते घराकडे पळत सुटले.

घरी आल्यावर मात्र त्यांचे मन त्यांना खाऊ लागले. सोजिरांपुढे न डगमगणारा मनुष्य एका मरणोन्मुख दुबळ्याला पाहून पळाला होता! ते तसेच परत फिरले. पाऊस लागू नये म्हणून त्यांनी तुळशीरामवर बांबूच्या तट्ट्याचा आडोसा केला आणि त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. पण ज्या भीतीने आपल्याला पळविले तिच्याच घरी जाऊन राहायचे, असा निश्चय बाबांनी केला.

कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो. तो पापाचे फळ नव्हे आणि आनुवंशिकही नव्हे. बहुतेक लोकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती जन्मतःच असते. आज तो औषधांनी पूर्ण बरा होतो. परंतु त्या काळी लोक त्याला ‘महारोग’ म्हणत आणि तो झालेल्या माणसाला घरातून व गावातून बाहेर घालवीत. बाबांनी कलकत्त्यास जाऊन या रोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले. नंतर वरोड्याजवळ शासनाकडून मिळालेल्या खडकाळ जमिनीवर त्यांनी वस्ती उभारली. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये, एवढेच भांडवल होते. 1951 मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते या आनंदवनाचे उद्घाटन झाले.

तेथे झुडपी रान होते. विंचू-सापांना तोटा नव्हता. अशा जागी बाबा साधनाताई आणि विकास व प्रकाश ही दोन लहान मुले यांना घेऊन राहिले. आपल्या जिवावर उदार होणे एक वेळ सोपे असते. पण पोटच्या मुलांना घेऊन अशा वस्तीत राहण्यास केवढे धैर्य लागले असेल! ज्यांना जगाने दूर लोटले होते, त्यांच्याच सहवासात ही मुले वाढली. बाबांनी आपले घर आणि आपले काम यांमध्ये भिंत उभी केली नाही.

बोटे नसलेल्या हातांनी आनंदवनातील माणसांनी विहिरी खोदल्या आणि भाजीपाला पिकविला. पण त्यांच्या हातची भाजी वरोड्याच्या बाजारात कोणी घेईना. याच दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक आनंदवनात छावणी करून राहिले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून इमारती बांधल्या आणि तेथलेच अन्न खाल्ले. सातासमुद्रापलीकडचे लोक येथे निर्भयपणे जेवतात, हे पाहून वरोडेकरांचीही भीती हळूहळू ओसरली. जे काम व्याख्यानांनी झाले नसते ते एका छावणीने केले!

सोमनाथच्या छावणीतही हेच घडू लागले. बरे झालेले रुग्ण तेथे शेती करीत. शहरांतून आलेले विद्यार्थी त्यांच्या शेजारी राबत. ज्याच्या हाताला कुदळीचे फोड आले, त्याला दुसऱ्याच्या झडलेल्या बोटांची किळस उरत नाही.

बाबांना पाठीच्या कण्याचा असाध्य विकार जडला. त्यांना बसता येईना. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच त्यांच्या हाती उरले. तरीही 1985 च्या डिसेंबरात त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. तरुण सायकलींवर होते आणि बाबा मोटारीत आडवे पडून त्यांच्यासोबत होते. छावणीच जणू वाटेला लागली होती!

बाबांची दोन्ही मुले डॉक्टर झाली. एकदा बाबा त्यांना भामरागडच्या अरण्यात सहलीस घेऊन गेले. तेथील माडिया लोकांची दैन्यावस्था पाहून प्रकाश यांनी त्यांच्यासाठी काम करण्याचे ठरविले. 1973 मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि प्रकाश व त्यांच्या पत्नी मंदाकिनी यांनी तेथे दवाखाना व शाळा चालविली. विकास यांनी आनंदवनाची धुरा वाहिली. पित्याने मुलांना धन दिले नाही, काम दिले.

9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात बाबांचे देहावसान झाले. त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला नाही. एके काळी ज्या भूमीत खडक आणि झुडपांवाचून काही नव्हते, त्या आनंदवनाच्या मातीतच त्यांना पुरण्यात आले. 2011 मध्ये साधनाताईही गेल्या. भीतीने पळालेला मनुष्य परत फिरला, म्हणून कितीतरी बेघरांना घर मिळाले.

अभ्यास

1. बाबा तुळशीरामला पाहून का पळाले? ते परत का आले?
2. वरोड्यातील लोकांची भीती कशामुळे कमी झाली?
3. ‘पित्याने मुलांना धन दिले नाही, काम दिले.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : वाण पडणे, जिवावर उदार होणे, खांद्याला खांदा लावणे.