विषाणूचे कवच आणि कर्करोग



मागील महिन्यात नववीच्या काही मुलांनी एका सोबत्याच्या डब्यात हात घालणे बंद केले. कारण विचारले तर कळले, त्याच्या घरी कर्करोगाचा रुग्ण आहे. "सर, कर्करोगाचेही विषाणू असतात ना?" असे एकाने विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणून आम्ही येथे उत्तर देत आहोत.

१९५८ मध्ये डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकांनी युगांडातील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या गाठींचे नमुने विमानाने लंडनला अँथनी एपस्टाइन यांच्याकडे जात. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळले. नमुना उशिरा पोहोचला, तेव्हा बाटलीतील द्रव गढूळ झाला होता. दुसऱ्या कोणी तो फेकूनच दिला असता! एपस्टाइन यांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या. त्याच पेशी वाढवून १९६४ मध्ये एपस्टाइन, अचाँग व बार यांनी त्यांत विषाणू पाहिला. तो हर्पिस कुळातला, म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूचा भाऊबंद.

या विषाणूची रचना पाहा. आत डीएनए, त्याभोवती १६२ घटकांचे कवच, बाहेर स्निग्ध आवरण आणि या दोहोंच्या मध्ये प्रथिनांचा एक थर. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे 'प्रथिन' म्हणताना आधी 'प्रोटीन'च तोंडात येते.) आवरणावरील जीपी-३५० हे प्रथिन रक्तातील बी-पेशींना चिकटते, मग इतर प्रथिने आत शिरण्याची वाट करतात.

मधल्या थरात बीएनआरएफ-१ नावाचे प्रथिन असते. २०१७ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी दाखवले, की त्याच्यामुळे पेशीतील तारककाये प्रमाणाबाहेर वाढतात. पेशीविभाजन आठवा: दोन तारककाये दोन टोकांना, म्हणून गुणसूत्रांची वाटणी समान. तीन-चार झाली, की वाटणी बिघडते आणि तेथून पेशी कर्करोगाकडे झुकू शकते. विशेष म्हणजे डीएनए नसलेले रिकामे कणही हे करतात.

आता डब्याविषयी. हा विषाणू लाळेतून पसरतो हे खरे. पण जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतोच, बहुतेक आपल्याही. कर्करोग त्यांतील फार थोड्यांना होतो. त्याला इतर कारणांची जोड लागते, जसे आफ्रिकेत मलेरियाची. शिवाय बहुतेक कर्करोगांशी याचा संबंधच नाही. रुग्णाच्या घरची पोळी खाऊन कर्करोग होत नाही. मुलांना हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा एकत्र उघडले.

याची लस अजून बाजारात नाही. जीपी-३५० वापरून केलेली लस १८१ तरुणांवर तपासली गेली. २००७ मध्ये निष्कर्ष आले. ताप व गाठी येण्याचे प्रमाण घटले, संसर्ग मात्र थांबला नाही. रिकाम्या कणांपासून लस करू पाहणाऱ्यांना आता बीएनआरएफ-१ आधी काढून टाकावे लागेल.