पाठ ९ : ‘राऊ’ वाचल्यावर

या वेळी आपण ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी वाचायला घेतली. ती १९७२ साली प्रसिद्ध झाली. २०१५ चा ‘बाजीराव मस्तानी’ हा सिनेमा याच कादंबरीवर बेतलेला असल्याने मुलांना गोष्ट ठाऊक होती. आजी-आजोबांनी पाने वाचून दाखवली, मुलांनी अडलेले शब्द विचारले. शेवटच्या दिवशी मात्र मोठा वाद झाला. तोच हा पाठ.

आधी इतिहास

बाजीराव १७२० साली, विशीत, पेशवे झाले. १७२९ मध्ये मोहम्मदखान बंगशाने बुंदेलखंडाच्या छत्रसालांना कोंडीत पकडले, तेव्हा बाजीराव मदतीला धावून गेले. छत्रसालांची मुलगी मानली जाणारी मस्तानी पुण्याला आली. पण पेशव्यांच्या घराने तिला आपले मानले नाही. बाजीराव दूर असताना तिला कैदेत ठेवले गेले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारले. पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी आहे.

एवढे इतिहासात आहे. दोघे एकांतात काय बोलले, हे लेखकाच्या कल्पनेतले. वाचताना हा फरक विसरू नका.

त्याच काळात कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

वाचकांची मते

बहुतेक मुले मस्तानीच्या बाजूची. “दोघांचे प्रेम होते, मग घरच्यांचे काय गेले?”

एका मावशींना हे पटले नाही. त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळे मस्तानीच्या महालात बसलात. मी काशीबाईजवळ बसले. तिला कोणी विचारले का?” यावर वर्ग गप्प झाला.

एका आजोबांना भाषा आवडली. “असे मराठी आता न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर कुठे ऐकायला मिळणार?” पण राऊसारखा शूर माणूस पुस्तकभर घरच्या भांडणात अडकलेला दिसतो, ही त्यांची तक्रार.

मग एक मुलगा बोलला. त्याचे बाबा बेने इस्राएल, आई दुसऱ्या धर्माची. “मला त्यांच्या मुलाबद्दल बोलायचे आहे,” तो म्हणाला. तो मुलगा म्हणजे शमशेरबहाद्दर. बाजीरावांना त्याची मुंज करायची होती, पण पुण्याच्या ब्राह्मणांनी नकार दिला, असे सांगतात. तो मुसलमान म्हणून वाढला आणि १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून जखमी झाला. त्यातच तो गेला. मुलाने विचारले, “मरण्यापुरता तो त्यांचा होता. मग मुंजीपुरता का नाही?”

वर्गातल्या एका आजींनी उत्तर दिले. “अरे, आपल्यालाही लोकांनी विचारले होते, तुम्ही खरे कोण?” १९६२ साली इस्राएलमध्ये बेने इस्राएल जोडप्यांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी, असा आदेश धर्मपीठाने काढला. आपल्या लोकांनी जेरुसलेमला धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये केनेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत, असे ठरवले. “दारात थांबवले की कसे वाटते, ते आम्हांला ठाऊक आहे,” आजी म्हणाल्या. “धर्माचा नियम मी बदलू शकत नाही, बाळा. पण मलिद्याच्या ताटाशी तुला जागा नाही, असे माझ्या घरी कोणी म्हणणार नाही.”

मावशींनी त्या मुलाला पुढचे पान वाचायला दिले.

शब्दार्थ

मोहीम – लढाईसाठी केलेली स्वारी
कोंडीत पकडणे – सगळ्या बाजूंनी अडवणे
मुंज – ब्राह्मण मुलाचा जानवे घालण्याचा संस्कार. आपल्या बार मित्झवाशी ताडून पाहा
बेतलेला – आधार घेऊन रचलेला

स्वाध्याय

१. कादंबरीतला एक प्रसंग निवडा. त्यात इतिहास किती, कल्पना किती, ते सांगा.
२. काशीबाईच्या बाजूने पाच वाक्ये लिहा.
३. घरातल्या मोठ्यांना विचारा : “तुम्हांला कधी ‘तुम्ही आमचे नाही’ असे ऐकावे लागले का?” उत्तर त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून आणा.