डेक्कन जिमखाना : एका हौशी क्रीडामंडळाचा इतिहास

भोपाळच्या विद्यार्थ्याला खेळाचे प्रेम शिकवावे लागत नाही. येथील मोहल्ल्यामोहल्ल्यांतून हॉकीच्या काठ्या घेऊन कित्येक पिढ्या वाढल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये खेळलेले अहमद शेर खाँ याच नगरीचे. आणि १९७५ साली क्वालालंपूर येथे विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात मलेशियाविरुद्ध बरोबरीचा गोल करणारे असलम शेर खाँ हे त्यांचेच चिरंजीव. अशा खेळाडूंची नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु ज्यांनी मैदान आखले, शिट्टी वाजविली, घड्याळ धरले आणि वर्गणी गोळा केली, त्यांची नावे कोणास आठवतात? खेळाडू एकटा घडत नाही. त्याच्यामागे बहुधा एखादे लहानसे हौशी मंडळ उभे असते. अशा मंडळाच्या हातून केवढे कार्य होऊ शकते, हे पाहावयाचे असेल तर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा इतिहास वाचावा.

प्रथम ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. जो खेळाचा मोबदला घेत नाही, केवळ आवडीने खेळतो, तो हौशी खेळाडू होय. अशा हौशी लोकांनी एकत्र येऊन खेळाला वळण लावल्याची उदाहरणे जगात अनेक आहेत. ऑस्ट्रेलियातील मेलबोर्न शहरात क्रिकेटपटूंना हिवाळ्यात व्यायाम मिळावा म्हणून टॉम विल्स यांनी १८५८ साली एक वेगळा खेळ सुरू करण्याची सूचना केली. पुढच्याच वर्षी, १७ मे १८५९ रोजी, मेलबोर्न फुटबॉल क्लबाच्या काही सभासदांनी त्याचे १० नियम लिहून काढले. आज ज्याला ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल म्हणतात, तो या एका कागदातून जन्मास आला. पुढे मेलबोर्नच्या उपनगरोपनगरांतून त्याची मंडळे निघाली. नियम लिहिले गेले म्हणूनच एका उपनगराचा संघ दुसऱ्या उपनगराच्या संघाशी भांडण न होता खेळू शकला.

आपल्याकडे असेच कार्य पुण्यात घडले. ‘जिमखाना’ हा शब्दच मुळी संकरातून झालेला आहे. ‘गेंदखाना’ या हिंदुस्थानी शब्दावर इंग्रजी व्यायामशाळेच्या नावाची छाया पडून तो बनला, असे मानतात. इंग्रजी अमदानीत पुण्याच्या कॅम्पातील युरोपीय लोकांच्या जिमखान्याचे सभासदत्व भारतीयांना खुले नव्हते. तेव्हा १९०६ साली बाळकृष्ण नारायण उर्फ बंडोपंत भाजेकर व त्यांचे सहकारी यांनी डेक्कन जिमखान्याची स्थापना केली. मुठा नदीच्या पलीकडे, मूळ शहराबाहेर, फर्ग्युसन महाविद्यालयापासून जवळच या मंडळाचे मैदान होते. देशी व विदेशी अशा दोन्ही खेळांना तेथे स्थान मिळाले. पुढे सभोवती वस्ती वाढली आणि त्या वस्तीलाच मंडळाचे नाव पडले. एखाद्या उपनगराच्या नावाने क्रीडामंडळ ओळखले जाते हे नेहमीचेच. येथे मात्र क्रीडामंडळाच्या नावाने उपनगर ओळखले जाऊ लागले.

या मंडळाचे पहिले मोठे कार्य म्हणजे खो-खोचे नियम. खो-खो हा खेळ महाराष्ट्रात जुना. परंतु गावोगावी त्याची रीत निराळी. कोठे मैदान लहान, कोठे मोठे. कोठे खेळाडू अधिक, कोठे कमी. १९१४ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याने नियम ठरविण्याचे काम हाती घेतले. एका संघाचे ९ खेळाडू मैदानात उतरतात. त्यांपैकी ८ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पळणाऱ्याला बसलेल्यांच्या रांगेतून आरपार जाता येते, पाठलाग करणाऱ्याला मात्र येत नाही. या एका बंधनातच खेळाचे सारे सौंदर्य आहे. त्यामुळे पाठलाग करणारा कितीही वेगवान असला, तरी योग्य क्षणी सोबत्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ दिल्यावाचून त्याचा निभाव लागत नाही. नियम खेळाला जखडून ठेवीत नाही. तो खेळातील बुद्धीला वाव देतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत विजयी झाला. त्या विजयाची एक मुळी पुण्यातील या मैदानापर्यंत जाऊन पोहोचते.

मंडळाच्या इतिहासातील सर्वांत संस्मरणीय प्रसंग १९१९ चा. त्या वर्षी सर दोराबजी टाटा यांना जिमखान्याचे अध्यक्षपद देण्यात आले. मंडळाच्या शर्यती पाहावयास ते गेले, तेव्हा धावणारे बहुतेक तरुण शेतकरी कुटुंबांतील होते. दोराबजींनी १९२९ साली लिहिलेल्या एका पत्रात या प्रसंगाचे वर्णन केले आहे. मैदान लहान असल्यामुळे १०० यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून घेण्याचे घाटत होते, आणि धावणाऱ्यांना वेगळे ठेवणाऱ्या दोऱ्याही बांधलेल्या नव्हत्या. त्या तरुणांच्या लेखी धावणे म्हणजे केवळ धावणे. पाश्चात्य शर्यतींचे नियम किंवा शास्त्रशुद्ध शिक्षण यांची त्यांना ओळख नव्हती. तरीही खराब वाटेवरून अनवाणी धावून त्यांनी नोंदविलेल्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या वाटत होत्या. हे पाहून दोराबजींच्या मनात विचार आला की, या तरुणांना जागतिक ऑलिंपिकला का पाठवू नये? मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी या कल्पनेला साहाय्य केले, आणि खर्चाचा मोठा वाटा स्वतः दोराबजींनी उचलला.

१९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरले. भारताकडून चार धावपटू व दोन मल्ल निवडले गेले : पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी, कुमार नवले आणि रणधीर शिंदे. तत्पूर्वी १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड एकटे धावले होते. देशाचा संघ म्हणून गेलेले हेच पहिले. २२ ऑगस्ट रोजी मॅरेथॉन शर्यत झाली. तिचे अंतर ४२,७५० मीटर, म्हणजे नेहमीपेक्षा अधिक होते. बेळगावच्या चौगुल्यांनी तीत १९ वा क्रमांक मिळविला. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. पदक एका पायरीवरून हुकले.

पदक न मिळाल्यामुळे कोणी या प्रयत्नाला अपयश म्हणेल. परंतु या प्रयत्नातूनच देशभर ऑलिंपिकची चळवळ पसरली आणि १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष दोराबजी टाटा हेच होते.

तथापि, इतिहासाच्या अभ्यासकाने गौरवाबरोबर उणीवही पाहिली पाहिजे. हौशी खेळाचे तत्त्व उदात्त खरे. पण ज्याच्या घरी हातावर पोट आहे, त्याला मोबदल्याविना महिनोन्‌महिने सराव कसा परवडावा? शेतातून आलेल्या धावपटूला संधी मिळाली ती एका धनवान व उदार अध्यक्षामुळे. १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविणाऱ्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनाही जाण्याच्या खर्चासाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. म्हणजे अँटवर्पनंतर ३२ वर्षे लोटली, तरी हा प्रश्न सुटलेला नव्हता. गुण खेड्यात होता, साधने शहरात होती. या दोहोंमध्ये सेतू बांधणे हेच क्रीडामंडळाचे खरे काम.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शाळेच्या स्पर्धा होतात, तेव्हा सर्वांनाच शर्यत जिंकता येत नाही. परंतु चुन्याची रेघ सरळ आखणे, वेळ प्रामाणिकपणे नोंदविणे, हरकत आली असता नियमाचे पुस्तक उघडून पाहणे, आणि मैदानाच्या कडेला संकोचाने उभ्या असलेल्या अनवाणी मुलाला ‘तूही धाव’ असे म्हणणे, ही कामे कोणालाही करता येतात. १९१९ साली पुण्याच्या एका लहानशा मैदानावर ती झाली, म्हणून बेळगावचा एक तरुण अँटवर्पच्या रस्त्यावर धावू शकला.