दातांची कैफियत

सातारा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे वरचे पटाशीचे दात ओठाबाहेर डोकावू लागले आहेत, डावा सुळा जागेअभावी शेजारच्या दातावर चढला आहे, सबब येत्या शनिवारी तुला ऑर्थोडॉन्टिस्टकडे नेण्याचे घरात ठरले आहे, असा मजकूर तुझ्या आईच्या पत्रात होता. आणि त्याच कागदाच्या समासात, तिच्या नकळत लिहिल्यासारख्या बारीक अक्षरात, ‘मला जायचे नाही’ असा तुझा शेराही होता. शेरा मारणारी व्यक्ती हीच या प्रकरणातील मुख्य पक्षकार असल्यामुळे उत्तर तिच्याच नावे धाडीत आहे.

पहिल्या भेटीत सहसा तारा बसवीत नाहीत, दात काढीत नाहीत, सुईही टोचीत नाहीत. तोंड तपासावयाचे, छायाचित्रे, क्ष-किरणचित्रे आणि दातांचे ठसे घ्यावयाचे, आणि या दप्तरावरून पुढे काय करावे, किंवा तूर्त काहीच करू नये, याचा आराखडा ठरवावयाचा, एवढेच त्या भेटीचे प्रयोजन. कित्येकदा तो आराखडाही दुसऱ्या भेटीतच सांगतात. म्हणजे ही एक चौकशी आहे, आणि चौकशी म्हटली की जबानी आली. ती जबानी तू स्वतः द्यावीस, एवढ्यासाठीच हे पत्र. दवाखान्यांच्या बाकांवर बसून मी पाहत आलो आहे की, डॉक्टर प्रश्न मुलाला विचारतात, उत्तर आई देते, मुलगा छताकडे पाहत बसतो, आणि पुढे दोन वर्षे त्या तारा जणू आईच्याच दातांना लावल्या आहेत अशा थाटात वावरतो. वास्तविक जेवणानंतर प्रत्येक वेळी ब्रश करावयाचा तो त्याने, रबरे अडकवावयाची ती त्याने, ऊस आणि चिक्की समोर आल्यावर हात आवरावयाचा तोही त्यानेच. तेव्हा ज्याची संमती कोणी विचारलीच नाही त्याने हा भार आनंदाने उचलावा, ही अपेक्षा मला तरी न्यायाची वाटत नाही.

म्हणून शुक्रवारी रात्री एका कागदावर आपल्या दातांची सगळी हकीकत लिहून काढ. अंगठा कितव्या वर्षापर्यंत चोखत होतीस हे आईला विचारून घे आणि ते सांगताना लाजू नकोस, कारण त्या अंगठ्याचा दाब आणि आज पुढे आलेले दात यांचा संबंध असू शकतो. रात्री तोंड उघडे ठेवून झोपतेस काय, नाक वारंवार चोंदते काय, हेही लिही. सायकलवरून पडलीस तेव्हा पुढचा दात आपटला होता. तो आज दुखत नाही म्हणून ती गोष्ट वगळू नकोस, कारण मार लागलेल्या दाताचे मूळ शाबूत आहे की नाही हे पाहिल्यावाचून त्याला हलविणे शहाणपणाचे नव्हे. आणि दिवाळीत खोट्या कानातल्यांनी तुझे कान चिघळले होते, ती बाब तुला दातांशी अगदी असंबद्ध वाटेल. परंतु तसल्या दागिन्यांत बहुधा निकेल असते, आणि दातांच्या तारांतही ते असते, म्हणून डॉक्टरांना ते कळलेच पाहिजे. एखादी दाढ किडली असल्यास तिची व्यवस्था आधी लागेल, तारा मागाहून.

त्या दिवशी दात स्वच्छ घासून जा आणि थोडे खाऊन जा, पण पोट गच्च भरून नको. ठशासाठी पसरट साच्यात अल्जिनेटचा, म्हणजे समुद्रशेवाळापासून काढलेल्या द्रव्याचा, थंडगार लगदा भरून तो घट्ट होईपर्यंत तोंडात धरून ठेवतात, आणि भरल्या पोटी त्याने उमासे येतात; अशा वेळी मान किंचित पुढे झुकवून नाकाने संथ श्वास घ्यावा आणि पायांची बोटे हलवीत राहावे, म्हणजे लक्ष घशावरून उतरते. हल्ली पुष्कळ ठिकाणी लगद्याऐवजी कॅमेऱ्याची कांडी दातांवरून फिरवितात, ती तुझ्या वाट्यास आली तर उत्तमच. क्ष-किरणांपूर्वी कानांतले आणि केसांतल्या पिना काढून आईजवळ दे. छायाचित्रांसाठी ओठ प्लास्टिकच्या आकड्यांनी दोहों बाजूंस ताणतात; त्या अवस्थेत कोणतीही रूपवती रूपवती दिसत नाही, तेव्हा संकोच नको.

तपासताना डॉक्टर सहायकाला ‘क्लास टू’ असे काही सांगतील, ते ऐकून परीक्षेत दुसरा वर्ग मिळाल्यासारखे तोंड करू नकोस. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये वरची पहिली कायमची दाढ खालच्या दाढेशी कशी मिळते यावरून तीन वर्ग पाडले. त्यांत गुणवत्तेचा प्रश्न नाही. या अँगलचा आग्रह असा की, एकही दात न काढता सर्वांना ओळीत बसविता आले पाहिजे. परंतु त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने, तसे बसविलेले दात पुढे पुन्हा बिघडतात हे पाहून, उपदाढा काढून जागा करण्याचा मार्ग धरला, आणि त्या गुरुशिष्यांच्या मतभेदाचा पुरता निकाल आजही लागलेला नाही. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, तुझ्याही उपदाढा काढाव्या लागतील असे कदाचित सांगतील. रडू नकोस, आणि मुकाट्याने मानही डोलावू नकोस. न काढल्यास काय होईल, काढल्यास ओठांची ठेवण कशी बदलेल, दुसरा उपाय आहे काय, हे तीन प्रश्न विचार. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही.

मुदत दीड-दोन वर्षांची सांगतील, आणि तुझे बाबा ‘दहावीच्या आत उरका’ म्हणून तगादा लावतील. त्यांना हे वाचून दाखव. दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेचा सौम्य दाब सतत पडत राहिला म्हणजे एका बाजूचे हाड झिजत जाते, दुसऱ्या बाजूस नवे भरत येते, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर एवढा सरकतो. दाब दुप्पट केला तर गती दुप्पट होईल असा हिशेब व्यवहारात चालत असेल, येथे चालत नाही. अतिदाबाने त्या थरातील रक्तप्रवाहच अडतो आणि दात जागच्या जागी थांबून राहतो. बरे, तारा निघाल्यावरही ते तंतू दाताला मागे ओढू पाहतात, म्हणून पुढे रिटेनर वापरावे लागतात, आणि पुष्कळांची सगळी मेहनत वाया जाते ती याच टप्प्यावर, कंटाळ्यापायी.

खर्चाचा विषय बाबांचा. तरीपण एकूण रक्कम किती, हप्ते कसे, तुटलेली पट्टी पुन्हा चिकटविण्याचे आणि रिटेनरचे पैसे त्यात धरले आहेत काय, आणि डॉक्टरांनी दंतवैद्यकाच्या पदवीनंतर याच विषयाचा तीन वर्षांचा अभ्यास केला आहे काय, याची विचारपूस त्यांनी भीड न धरता करावी. रबरी कड्यांचा रंग मात्र तू निवड. पारदर्शक घेऊ नकोस, आपल्या आमटीतल्या हळदीने त्या लवकरच पिवळ्या होतात.

इतके ऐकूनही, सगळे समजून घेतल्यावर, तुझे मत ‘नाही’ असेच राहिले तर ते डॉक्टरांच्या समक्ष, कारणांसह सांग, समासात नको. शनिवारी बाबांना रजा न मिळाल्यास मला कळव, मी सकाळच्या एस.टी.ने येईन, मात्र मी बाहेरच्या बाकावर बसेन आणि आत तू जाशील, हे आताच ठरवून ठेव.

तुझा
आजोबा